टोपीवरचा भुसा

कॅप्टन बोसान्को पेशन्स खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीत पडून मेला, तेव्हा पोल्गेरो गावाला त्याचं दुःख नंतर झालं. आधी सगळ्यांना आठवलं ते नॅथन हॉकिनचं बोलणं.

नॅथन खाणीतला जुना कामगार, अंगानं आडवा आणि जिभेनं तिखट. पगाराच्या दिवशी सगळ्यांसमोर तो कॅप्टनवर उखडला होता. "शिड्या कुजल्यात, कॅप्टन! आम्ही रोज जीव मुठीत धरून उतरतो आणि तुम्ही वर बसून चहा ढोसता. एकदा उतरा ना त्या शिडीनं स्वतः. मग कळेल तुम्हाला!"

खाणीच्या मुख्य माणसाला इंग्लंडच्या कॉर्नवॉलात कॅप्टनच म्हणतात, आणि बोसान्को कॅप्टनसारखाच ताठ होता. टोमणा त्याला झोंबला. सोमवारी सकाळी त्यानं आपली कडक, टणक टोपी चढवली, टोपीवर ओल्या मातीच्या गोळ्यात मेणबत्ती रोवली आणि सगळ्यांच्या देखत त्याच शिडीनं तो खाली उतरू लागला. मेणबत्तीचा उजेड काही वेळ खाली खाली जाताना दिसला. मग लाकूड मोडल्याचा आवाज आला, आणि उजेड गेला.

इन्स्पेक्टर जोसाया ट्रेंबाथ खाणीवर पोचला तेव्हा दुपार झाली होती. तो याच गावातल्या एका कोळ्याचा मुलगा. गावच्या मातीतला माणूस इन्स्पेक्टर झाला, हे पोल्गेरोनं पहिल्यांदाच पाहिलं होतं. गणवेशाची बटणं तो स्वतः घासून लख्ख करायचा. बायको हसायची. "त्या बटणांत तोंड बघून दाढी करतोस की काय?" ती विचारायची. तो म्हणायचा, "माझ्या बापाच्या कोटाला बटणंच नव्हती. दोरी बांधायचा तो."

खाणीचा कारभारी मिस्टर लँगफर्ड विहिरीच्या तोंडाशी हातात रुमाल घेऊन उभा होता. "खून आहे, ट्रेंबाथ. सरळ सरळ खून. शिडीची पायरी करवतीनं कापलेली आहे. दोन्ही टोकांना. मी वरून दिवा सोडून पाहिलं."

"खाली कोण कोण उतरलंय?"

"कुणी नाही. प्रेत दुसऱ्या विहिरीनं बाहेर काढलं. या शिडीला तुमच्या आधी कुणाचा हात लागलेला नाही. मी स्वतः पहारा बसवलाय."

ट्रेंबाथनं कंबरेला दोर बांधला आणि तो उतरला. खाणीची त्याला सवय नव्हती, समुद्राची होती. अंधारात पाय चाचपून टाकावा लागत होता. पण उतरता उतरता तो प्रत्येक पायरी अंगठ्यानं दाबून बघत होता. टोकांशी लाकूड बरं होतं. मधोमध, जिथे वर्षानुवर्षं बुटांचे पाय पडले होते, तिथे मात्र नख रुतत होतं. दोनचार पायऱ्या तर भिजल्या पावासारख्या होत्या.

मोडलेली पायरी त्याला सापडली, म्हणजे ती नव्हतीच. दोन्ही बाजूंच्या उभ्या दांड्यांमध्ये तिची तोकडी टोकं तेवढी उरली होती, आणि ती खरोखरच करवतीनं कापलेली होती. लाकूड आतून पांढरंफेक. कारभारी खोटं बोलत नव्हता.

मग त्यानं कंदील खाली धरला. पायरीच्या थोडं खाली खडकाचा एक ओटा बाहेर आला होता, आणि त्यावर कॅप्टनची टोपी अडकली होती. पडताना ती डोक्यावरून उडाली असणार. मातीचा गोळा आणि विझलेली मेणबत्ती अजून तिला चिकटलेली होती. टोपी सुलटी पडली होती. आणि तिच्यावर, त्या ओल्या मातीवर, मेणबत्तीच्या मेणावर लाकडाचा ताजा भुसा पसरला होता.

ट्रेंबाथ दोराला लटकून बराच वेळ त्या टोपीकडे बघत राहिला. पायरी आधी कापली असती तर भुसा आधी पडला असता आणि टोपी त्याच्यावर. इथे टोपी खाली होती आणि भुसा वर. म्हणजे कॅप्टन आधी पडला. करवत नंतर चालली.

त्यानं टोपी जशीच्या तशी मोठ्या रुमालात बांधली. दांड्याचा एक तुकडा, त्यातल्या कापलेल्या टोकासकट, कापून वर आणला.

पण वर येईपर्यंत नॅथनला बेड्या पडल्या होत्या. वॉरंट काढणारे मॅजिस्ट्रेट खाणीचे भागीदारही होते. ट्रेंबाथ तसाच त्यांच्या बंगल्यावर गेला आणि त्यानं टोपी टेबलावर ठेवली. म्हातारे गृहस्थ चष्मा लावून तिच्याकडे बघत राहिले.

"भुसा काय, उडतो," ते म्हणाले.

"विहिरीत वारा नसतो, साहेब."

"मग कापली कुणी? करवत आपोआप चालत नाही. ज्या हातात करवत होती तो हात मला दाखवा, ट्रेंबाथ. तोपर्यंत नॅथनचा हात मला पुरेसा आहे. उद्या कॉरोनरसमोर मृत्यूच्या कारणाची चौकशी आहे. ज्युरी खून म्हणाली की तो फासावर जाणार, हे तुम्हाला सांगायला नको."

ट्रेंबाथ घरी आला तेव्हा मॉरवेना, त्याची बायको, मटण-बटाटा भरायच्या पेस्टीचं पीठ लाटत होती. त्यांची लेक शेजारणीकडे खेळायला गेली होती. त्यानं लाकडाचा तुकडा टेबलावर ठेवला, बूट काढले आणि लेकीच्या बुटक्या स्टुलावर पाय टेकवून तो खुर्चीत मागे रेलला.

"पाय काढ त्यावरून," मॉरवेना म्हणाली. "बाबांनी गेल्या नाताळात केलंय ते. तुझ्या पायांसाठी नाही केलेलं."

त्यानं हसून स्टूल उचललं. उचलताना बोटं खालच्या बाजूला गेली, जिथे लाकूड तासलेलं नव्हतं, फक्त कापलेलं होतं. त्याचं हसू तिथेच थांबलं. बोटाखाली एक खोल ओरखडा होता. थोड्या अंतरावर दुसरा. पुन्हा तेवढ्याच अंतरावर तिसरा.

त्यानं दुसऱ्या हातानं खाणीतला तुकडा उचलला. कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. ओरखडा. तेवढंच अंतर. पुन्हा ओरखडा.

अशी करवत पोल्गेरोत एकच होती. मॉरवेनाचे वडील टोबायस केलो पेशन्स खाणीचे सुतार. सगळा गाव त्यांना टोबीकाका म्हणायचा. त्यांची करवत त्यांच्या वडिलांची. तिचा एक दात बाहेर वाकलेला होता आणि तो सरळ करून घ्यायला ते तयार नसत. "एक दात वाकडा झाला म्हणून मोडीत काढायचं, तर आधी मलाच काढा," असं म्हणून ते तोंड उघडून आपले उरलेसुरले दात दाखवायचे.

"काय झालं?" मॉरवेनानं विचारलं.

तिनं पिठाचे हात पुसले, त्याच्या हातातला तुकडा घेतला, स्टूल घेतलं. ती सुताराची मुलगी होती. तिला सांगावं लागलं नाही.

"हा कुठला तुकडा?"

"त्या शिडीचा."

ती मटकन बसली. "बाबांनी खून नाही केला."

"नाही. कॅप्टन पडल्यानंतर कापलंय. कुणीतरी करायला लावलंय. कुजलेली शिडी झाकायला."

"मग तू काय करणार?"

"मला माहीत नाही, मॉर."

ती उठली. हातातला लाकडाचा तुकडा घेऊन चुलीपाशी गेली. चूल पेटलेली होती. ट्रेंबाथ जागचा हलला नाही. नंतर कित्येक वर्षं तो स्वतःला विचारत राहिला, की तिनं तो तुकडा आत टाकला असता तर आपण उठलो असतो का? त्याला कधीच खात्रीनं सांगता आलं नाही.

मॉरवेना चुलीकडे पाठ करून वळली.

"परवा नॅथनची बायको माझ्याकडून साखर मागून घेऊन गेली," ती म्हणाली. "परत द्यायला येईल ती. मी दार उघडून तिला काय सांगू? माझा बाप वाचायला हवा, म्हणून तुझा नवरा लटकू दे?" तिनं तुकडा टेबलावर आदळला. "घाल बूट. आपण बाबांकडे जातोय. आणि टोपी नको घालूस. पोलीस म्हणून नाही, जावई म्हणून चल."

टोबीकाका परसात ओंडक्यावर बसले होते. पुढ्यात बशीत खारवलेले मासे तसेच पडले होते, मांजर जवळ येऊन ते बघत होतं आणि ते मांजराला हाकलतही नव्हते. मुलीचा आणि जावयाचा चेहरा पाहिला आणि त्यांनी बशी मांजरापुढे सरकवली.

"कळलं होय रे तुला," ते म्हणाले.

"तुमच्या करवतीनं सांगितलं, टोबीकाका."

"ती माझ्यापेक्षा खरी निघाली म्हणायची." ते हसायला गेले आणि ते हसू तोंडातच राहिलं. "लँगफर्ड आला माझ्याकडे धावत. म्हणाला, शिडी कुजली होती हे बाहेर आलं तर खाण बंद होईल. पोल्गेरोतल्या निम्म्या चुली विझतील, केलो. तू पायरी काप, दुसऱ्या विहिरीनं जा, कुणाला दिसणार नाही. कुणी अज्ञात माणसानं केलं म्हणतील, दोन दिवसांत विसरतील. म्हटलं, कॅप्टन तर गेला, त्याचं आता काय बिघडणार? मेलेल्याला खोटं झोंबत नाही."

"आणि नॅथन?" मॉरवेना म्हणाली.

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. "नॅथनचं माझ्या डोक्यातच आलं नाही गं. आईशपथ. दुपारी बघितलं तर त्याला घेऊन चालले होते. तेव्हाच ओरडायला हवं होतं. तोंड उघडलं, आवाज निघाला नाही." मग ते एकदम भडकले. "दर वसंतात मी लाकूड मागितलंय त्या लँगफर्डकडे! ओकचं चांगलं लाकूड. दरवेळी म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. आणि शेवटी मलाच करवत घेऊन खाली पाठवलं."

मांजर काटे चावत होतं.

"बाबा," मॉरवेना हलक्या आवाजात म्हणाली, "आपल्या घरातल्या दारात कधी फट राहिलीये? शेजारच्यांची दारं पावसात फुगतात, आपली नाही फुगत. तुम्ही म्हणायचात, केलोनं केलेली वस्तू उलटी करून बघा, आतूनही तशीच असेल. मी गावभर ते सांगत फिरायचे. मला अजून ते सांगत फिरायचंय."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. ते जावयाकडे वळले आणि त्यांनी दोन्ही मनगटं पुढे केली. "चल, ने मला."

ट्रेंबाथपुढे आता त्याच्या नोकरीतला सगळ्यात अवघड प्रश्न होता. कायदा सांगत होता, आत्ता ताब्यात घे. म्हाताऱ्याचा रात्रीत धीर सुटला, लँगफर्डच्या माणसांनी त्यांना गाडीत घालून कुठे नेलं, तर नॅथन मेला आणि ट्रेंबाथचा गणवेशही गेला. पण पोलिसानं ओढून आणलेल्या माणसाचा जबाब एक, आणि स्वतःच्या पायांनी आलेल्या माणसाचा जबाब दुसरा. त्या दोहोंत केवढा फरक असतो, ते त्यानं कोर्टात अनेकदा पाहिलं होतं. आणि याहूनही एक गोष्ट होती, जी कुठल्याच कायद्यात लिहिलेली नव्हती: या माणसाला मान वर करून येण्याची एक संधी मिळायला हवी होती.

"आज मी पोलीस म्हणून आलेलो नाही, टोबीकाका," तो म्हणाला. "बघा, टोपी घरीच आहे. उद्या सकाळी चौकशी आहे. मी तिथे असेन."

म्हाताऱ्यानं मनगटं मागे घेतली. "मी नाही आलो तर?"

"तर मी सांगेन. कॅप्टनची टोपी, भुसा, करवत, तुमचं नाव, सगळं. पण ते तुम्ही सांगावं, असं मला वाटतं."

दुसऱ्या दिवशी कॉरोनरची चौकशी 'जहाज' खानावळीच्या वरच्या मजल्यावर भरली. गावात तेवढी मोठी खोली दुसरी नव्हती. खाणीतली माणसं भिंतींना चिकटून दाटीनं उभी होती. ज्युरीतले पंच बाकांवर, पाव भाजणारा, जहाजांची शिडं शिवणारा, दोन शेतकरी. नॅथन दोन शिपायांमध्ये, रात्रभरात म्हातारा झालेला. कॉरोनर डॉक्टर कार्लियन दम लागत लागत जिना चढून आले आणि त्यांनी कामाला सुरुवात केली.

लँगफर्डनं सगळं व्यवस्थित सांगितलं. नॅथनची धमकी, कापलेली पायरी, पहारा. त्याचा आवाज कुठे अडखळला नाही. ट्रेंबाथ दाराकडे बघत होता. दार उघडलं नाही. आता टोपीचं गाठोडं सोडून आपणच उभं राहायचं, असं म्हणून तो उठणार, तोच जिन्यावर पावलं वाजली.

टोबीकाका रविवारी चॅपलमध्ये प्रार्थनेला घालायच्या काळ्या कोटात होते. मॉरवेना त्यांच्या हातात हात घालून, ताठ मानेनं चालत होती. म्हाताऱ्याच्या दुसऱ्या हातात करवत होती.

"उशीर झाला, साहेब," ते कॉरोनरला म्हणाले. "ही कॉलर काही केल्या बसेना. माझं नाव टोबायस केलो. पेशन्स खाणीचा सुतार. ती पायरी या करवतीनं मी कापली. पण कॅप्टन पडायच्या आधी नाही. पडल्यानंतर. मिस्टर लँगफर्डनी सांगितलं म्हणून. नॅथनचा यात काही संबंध नाही. तो बोलला ते खरं बोलला, एवढाच त्याचा गुन्हा."

खोलीत एकदम गलका उठला. लँगफर्ड उभा राहिला, चेहरा लालबुंद. "म्हातारा भ्रमिष्ट झालाय! आणि हा कोण आहे ते विचारा. इन्स्पेक्टरचा सासरा! घरच्या घरी बसवलेलं नाटक आहे हे!"

आता सगळे ट्रेंबाथकडे बघत होते. तो उठला. आदल्या दिवशी घरात जे लाकूड चुलीत पडायचं वाचलं होतं, ते त्यानं गाठोड्यातून काढून टेबलावर ठेवलं. शेजारी लेकीचं स्टूल ठेवलं. मग रुमालाची गाठ सोडून कॅप्टनची टोपी ठेवली, भुशासकट.

"होय, हे माझे सासरे आहेत," तो म्हणाला. "हे कुणी कुजबुजत सांगायची गरज नाही, मी मोठ्यानं सांगतो. त्यांचं ऐकू नका, माझंही ऐकू नका. ही टोपी बघा. कॅप्टन तिच्यासकट पडला आणि भुसा तिच्यावर पडला. आता शिडीचा हा तुकडा आणि यांनी केलेलं हे स्टूल हातात घ्या आणि कापलेल्या जागी अंगठा फिरवा."

दोन्ही वस्तू बाकावरून हातोहात गेल्या. पाव भाजणाऱ्यानं डोळे मिटून अंगठा फिरवला, करवत उचलून वाकड्या दाताला बोट लावलं आणि तो शेजाऱ्याला म्हणाला, "अरे, हीच की!" ते अख्ख्या खोलीला ऐकू गेलं.

"बाकीच्या पायऱ्या अजून तिथेच आहेत," ट्रेंबाथ म्हणाला. "ज्याला शंका असेल त्यानं माझ्याबरोबर खाली यावं. मिस्टर लँगफर्ड, तुम्हीच चला ना पुढे."

लँगफर्ड खाली बसला.

ज्युरीनं फार वेळ घेतला नाही. मृत्यू कुजलेल्या शिडीनं झाला, आणि ती शिडी कुजू देणाऱ्यांची ती लाज आहे, असं त्यांनी म्हटलं. नॅथनच्या बेड्या तिथेच निघाल्या. मग डॉक्टर कार्लियननी चष्मा पुसला आणि ते खालच्या आवाजात म्हणाले, "इन्स्पेक्टर, खोटा पुरावा बनवल्याबद्दल केलोंना ताब्यात घ्यावं लागेल. दुसऱ्या कुणाला सांगू का?"

"नाही साहेब," ट्रेंबाथ म्हणाला. "माझंच काम आहे."

तो जवळ गेला तेव्हा म्हाताऱ्यानं आपणहून मनगटं पुढे केली.

"बेड्यांची गरज नाही, टोबीकाका."

"नॅथनला घातल्या होत्या ना? मग मलाही घाल. उद्या कुणी म्हणायला नको, जावई होता म्हणून सूट मिळाली."

रस्त्यावर ते तिघं चालत निघाले. एका बाजूला ट्रेंबाथ, मध्ये बेड्या घातलेले टोबीकाका, दुसऱ्या बाजूला मॉरवेना. खाणीतले लोक दुतर्फा उभे होते. त्यातल्या पुष्कळांना ठाऊक होतं, की आता खाण काही महिने तरी बंद पडणार. एका बाईनं खरंच तोंड फिरवलं. पण नॅथननं पुढे येऊन टोपी काढली आणि छातीशी धरली. मग त्याच्या शेजारच्यानं काढली. मग टोप्या निघतच गेल्या, बंदरापर्यंत. मॉरवेना एकदाही रडली नाही. ती इतकी ताठ चालत होती, की ट्रेंबाथला वाटलं, आपण एका राणीच्या मिरवणुकीत आहोत आणि आपलं काम फक्त रस्ता मोकळा करण्याचं आहे. इतकी वर्षं त्याला आपल्या बटणांचा अभिमान होता. त्या दिवशी त्याचं बटणांकडे लक्षच नव्हतं.

पुढे सगळं गोडच झालं असं नाही. लँगफर्ड प्रकृतीचं कारण सांगून लंडनला गेला तो परत आला नाही, आणि त्याच्यावर खटला चालावा असं वरच्या कुणाला फारसं वाटलं नाही. खाण शरद सरेपर्यंत बंद होती. त्या दिवसांत काही घरांत बटाट्यांवर भागलं आणि तिथे टोबीकाकांचं नाव कडवटपणे निघायचं. नवे भागीदार आले तेव्हा आधी नव्या शिड्या उतरल्या, ओकच्या. ट्रेंबाथची बढती मात्र दुसऱ्याच कुणाला मिळाली. त्याचं कारण त्याला कुणी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

न्यायाधीशांनी टोबीकाकांचं वय आणि कबुली बघून सहा महिन्यांची सजा दिली. त्यांना बॉडमिनच्या तुरुंगात पोचवायला दुसरा शिपाई जाणार होता. ट्रेंबाथनं त्याला मागे ठेवलं आणि तो स्वतः गेला. वाटेत म्हाताऱ्यानं केशर घातलेला बनपाव खाल्ला, घोडागाडीच्या चाकाला नावं ठेवली आणि असा आरा मी भरला असता तर मान खाली घातली असती, असं गाडीवानाला ऐकवलं.

तुरुंगाच्या दाराशी एक तरुण कारकून बसला होता. त्यानं मान वर न करता नाव, वय, धंदा विचारला.

"जवळचा नातेवाईक?"

"मी," ट्रेंबाथ म्हणाला. "जावई."

कारकुनानं आता वर बघितलं. गणवेश पाहिला, बेड्यांची किल्ली पाहिली. "आणि पकडून आणणारा अधिकारी?"

"तोही मीच."

कारकून गोंधळून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागला.

"लिही रे बाबा, दोन्हीकडे तेच नाव लिही," टोबीकाका त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाले. "ट्रेंबाथ. जोसाया ट्रेंबाथ. आणि स्पेलिंग नीट कर. माझा जावई आहे तो."